देश, काल आणि पात्र : आपद्‌ग्रस्तांच्या सेवेचा बदलता विचार

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात विसाव्यापासून बाविसाव्या श्लोकापर्यंत दानाचा विचार आला आहे. तीन श्लोकांचा हा छोटा प्रपंच बहुतेक गृहस्थांच्या परिचयाचा असतो. कारण नित्यपाठात तो येतो आणि घरातील दानधर्माच्या प्रसंगी पुरोहिताच्या तोंडूनही ऐकू येतो. परतफेडीची शक्ती ज्याच्याजवळ नाही अशाला, केवळ कर्तव्य म्हणून, स्थळ, वेळ आणि घेणारा यांचा विचार करून जे दिले जाते ते सात्त्विक. परतफेडीवर किंवा फळावर डोळा ठेवून, आणि देताना मनात कष्टी होऊन जे दिले जाते ते राजस. अस्थानी, अवेळी, घेणाऱ्याचा सत्कार न करता, त्याला तुच्छ लेखून जे टाकले जाते ते तामस. आशय एवढाच आहे. परंतु त्यातील देश, काल व पात्र या तीन पदांनी पुढच्या भाष्यकारांना आणि आचारग्रंथकारांना पुष्कळ विचार करावयास लावले.

श्रीशंकराचार्यांनी या पदांचे विवरण करताना देश म्हणून कुरुक्षेत्रासारखी पुण्यभूमी, काल म्हणून संक्रांतीसारखे पर्व आणि पात्र म्हणून सहा अंगांसह वेद जाणणारा विद्वान घेतला आहे. ज्ञानेश्वर महाराजांनीही तीर्थक्षेत्राचा व ग्रहणाच्या पर्वकाळाचा उल्लेख केला आहे. शांत काळात, शेतात पीक उभे असताना आणि घरात धान्य असताना, गृहस्थाला हा अर्थ पुरेसा होतो. पण नदीने गाव गिळले, भूकंपाने घरे जमीनदोस्त झाली, किंवा दोन सैन्यांच्या मध्ये सापडलेली वस्ती उघड्यावर आली, म्हणजे पर्व कोणते आणि विद्वान कोण, हे विचारणे हास्यास्पद ठरते. मग त्या वेळी हे श्लोक बाजूला ठेवावयाचे काय? तसे करण्याचे कारण नाही. आचार्यांनी तिन्ही ठिकाणी 'आदि' हा शब्द घातला आहे आणि जाणता वाचक त्या लहानशा शब्दापाशी थांबतो. दिलेली उदाहरणे ही उदाहरणे आहेत, मर्यादा नव्हेत. अन्नाच्या बाबतीत भूक हीच पात्रता, हे तर परंपरेने पूर्वीपासून मानले आहे. भागवताच्या नवव्या स्कंधातील रंतिदेव राजाची कथा सर्वश्रुत आहे. अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपवासानंतर पुढे आलेले अन्न त्याने क्रमाने ब्राह्मणाला, शूद्राला व कुत्र्यांसह आलेल्या अतिथीला दिले, आणि शेवटी उरलेले पाणीही समाजाने अंत्यज मानलेल्या एका तहानलेल्याला दिले. कथाकारांना हा क्रम महत्त्वाचा वाटला असला पाहिजे. कारण पात्राची कल्पना त्यात पायरीपायरीने रुंदावत गेली आहे.

गेल्या दीडशे वर्षांत जगातील आपद्‌ग्रस्तांच्या सेवेचा जो इतिहास घडला, तो याच तीन पदांभोवती फिरलेला दिसतो. या सेवेला पाश्चात्त्य भाषांत जो शब्द आहे त्याचे भाषांतर 'मानवतावाद' असे करण्याची पद्धत पडली आहे. ती फारशी समाधानकारक नाही. कारण तोच शब्द माणसाला सर्व विचारांच्या केंद्रस्थानी मानणाऱ्या निराळ्या तत्त्वज्ञानासाठीही वापरला जातो. भूतदया म्हणावे तर कृतीचा व संघटनेचा बोध होत नाही. येथे आपद्‌ग्रस्तसेवा हाच साधा शब्द पुरेसा आहे.

या इतिहासाचा आरंभ सामान्यतः २४ जून १८५९ या दिवसापासून धरतात. त्या दिवशी उत्तर इटलीत सोल्फेरिनो या गावाजवळ फ्रान्स व सार्डिनिया यांच्या सैन्यांची ऑस्ट्रियाच्या सैन्याशी गाठ पडली. दिवसअखेर मृत व जखमी मिळून सुमारे चाळीस हजार माणसे पडली होती, असे सांगतात. आंरी द्युनां नावाचा जिनिव्हाचा एक व्यापारी स्वतःच्या धंद्याच्या कामासाठी फ्रान्सच्या सम्राटाची भेट घ्यावी म्हणून त्या भागात आला होता. जवळच्या कास्तिल्योने गावातील चर्चमध्ये जखमींचे ढीग त्याने पाहिले. तो वैद्य नव्हता, सैनिक नव्हता. त्याने गावातल्या बायांना व मुलांना हाताशी धरले, पाणी आणविले, कापडाच्या पट्ट्या करविल्या. आपला कोण आणि शत्रूचा कोण हा भेद त्या बायांनी केला नाही. सगळे भाऊच, अशी त्यांची भावना होती, हे द्युनांने पुढे नोंदवून ठेवले.

येथे गीतेच्या अभ्यासकाला पहिला अध्याय आठवल्याशिवाय राहत नाही. रणांगणावर अर्जुनालाही कणव आली होती. तेथे त्या भावासाठी 'कृपा' हा शब्द आला आहे, आणि त्या कृपेने अर्जुनाला ग्रासले असे वर्णन आहे. तिचा परिणाम काय झाला? धनुष्य गळले, अंग थरथरले आणि तो खाली बसला. बाराव्या अध्यायात भक्ताचे लक्षण म्हणून जी येते ती 'करुणा' होय. आणि तिच्या जोडीला मैत्री, निरहंकारता व क्षमा आहेत. हे दोन शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. तथापि माणसाला खाली बसविणारी कणव आणि माणसाला कामाला लावणारी कणव यांत अंतर आहे, आणि कास्तिल्योनेच्या चर्चमध्ये दुसऱ्या प्रकारची कणव काम करीत होती एवढे म्हणावयास हरकत नाही.

शत्रूच्या जखमींना पाणी देणे ही गोष्ट जगात प्रथम १८५९ साली घडली, असे मात्र नाही. आनंदपूर साहिबच्या युद्धात, अठराव्या शतकाच्या आरंभी, भाई कन्हैया यांनी दोन्ही बाजूंच्या घायाळांना पाणी पाजले. तक्रार गेली तेव्हा गुरू गोविंदसिंगांनी त्यांना दोष देण्याऐवजी मलमपट्टीचे सामानही दिले, असे शीख परंपरा सांगते. मग सोल्फेरिनोत नवीन काय घडले? नवीन घडले ते नंतर. द्युनांने १८६२ मध्ये आपले पुस्तक छापले. १८६३ मध्ये जिनिव्हात पाच जणांची समिती बसली. आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राज्यांनी एका करारावर सह्या केल्या. जखमी सैनिक कोणत्याही पक्षाचा असो, त्याची शुश्रूषा झाली पाहिजे, आणि शुश्रूषा करणाऱ्यावर शस्त्र चालविता कामा नये, हा त्याचा गाभा. एका माणसाच्या अंतःकरणातली करुणा राज्याराज्यांमधला नियम बनली. जखमी माणूस आता कोणाच्या दयेवर अवलंबून न राहता त्या दयेचा हक्कदार झाला. ज्याच्यामुळे हे घडले तो द्युनां पुढे दिवाळखोर झाला, जिनिव्हातून दूर गेला, आणि वार्धक्यात स्वित्झर्लंडमधील हायडन या गावच्या रुग्णालयात राहिला. १९०१ मध्ये शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला व फ्रेदेरिक पासी यांना विभागून मिळाले.

दया आणि हक्क यांतील हा फरक भारताने निराळ्या व फार महाग मार्गाने शिकला. ती हकीकत थोड्या विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. कारण गीतेतील राजस दानाचे लक्षण तीत अक्षरशः उतरलेले दिसते.

१८७३-७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला. तेथील कामाची व्यवस्था सर रिचर्ड टेंपल याच्याकडे होती. त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणविला, मुक्तहस्ते वाटला, आणि उपासमारीने मृत्यू जवळजवळ होऊ दिले नाहीत. याबद्दल त्याची प्रशंसा व्हावयास हवी होती. पण सरकारी पैसा उधळला म्हणून त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. १८७६ मध्ये दख्खन व मद्रास इलाख्यात अवर्षण पडले. इकडे १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत राणीच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरला, आणि तिकडे त्याच महिन्यात टेंपल दुष्काळी भागाच्या पाहणीस निघाला. या वेळी त्याने काटकसर दाखविण्याचा निश्चय केलेला होता. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडणाऱ्या धडधाकट माणसाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा, अशी मजुरी त्याने ठरविली. एवढ्या अन्नावर कष्टाचे काम करणारा माणूस जगू शकणार नाही, असा आक्षेप मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी घेतला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जांमागून अर्ज पाठविले. मुंबई इलाख्यात तर भुकेलेली माणसे कामे सोडून निघून गेली. उपाशी माणसाने मजुरीच्या दरासाठी संप करावा, अशी वेळ आली. त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असा अंदाज आहे.

गीतेने राजस दान सांगताना देणाऱ्याच्या मनातील क्लेशाचा मुद्दाम उल्लेख केला आहे. हातातून नाणे सुटते, पण मन त्याला चिकटून राहते. टेंपलचे दान असे होते. ते दिले गेले नाही असे नाही. ते तराजूत तोलून, हात आखडून, टीकाकारांकडे पाहत दिले गेले. एकाच माणसाने तीन वर्षांच्या अंतराने दोन प्रकारची व्यवस्था केली, हे लक्षात घेतले म्हणजे दान सात्त्विक की राजस हे दात्याच्या स्वभावावरून कायमचे ठरत नाही, प्रत्येक प्रसंगी ते पुन्हा ठरते, हेही कळते.

या अनर्थानंतर दुष्काळ आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८८० मध्ये आला आणि पुढे प्रांतोप्रांती दुष्काळाचे नियम तयार झाले: संकटाची चिन्हे कोणती, कामे केव्हा उघडावयाची, सारा केव्हा तहकूब करावयाचा. नियम इंग्रजीत आणि दफ्तरात होते. ज्यांच्यासाठी होते त्यांना ते ठाऊक नव्हते. १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून नेमके हेच काम हाती घेतले. सरकारच्याच नियमाप्रमाणे रयतेला काय मागता येते, ते त्यांनी सांगितले. सार्वजनिक सभेची माणसे गावोगाव जाऊन तेच समजावू लागली. भुकेल्याने हात पसरावयाचा नाही, नियमावर बोट ठेवावयाचे, ही दृष्टी तेव्हा नवी होती. पुढे गीतारहस्यात लोकसंग्रहाचे विवेचन करणाऱ्या लेखकाने त्याआधी दुष्काळाचे नियम शेतकऱ्याला वाचून दाखविले होते, ही गोष्ट त्या ग्रंथाच्या वाचकांनी विसरण्यासारखी नाही.

परंतु नियम असले तरी ते लागू करणारा लागतो. १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसे कलकत्त्याच्या रस्त्यांवर मरून पडत असताना तेथील सरकारने दुष्काळ अधिकृतपणे जाहीरच केला नाही. त्यामुळे दुष्काळाचे नियम दफ्तरातच राहिले. चौकशी आयोगाने मृतांची संख्या पंधरा लाखांच्या आसपास धरली. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी ती तीस लाखांपर्यंत नेली. याच्या उलट १९७२-७३ च्या महाराष्ट्रातील दुष्काळात कामे वेळेवर आणि मोठ्या प्रमाणावर उघडली गेली, ऐन उन्हाळ्यात त्यांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती, आणि त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा पुढे आला. अवर्षण दोन्हीकडील तुलनेत महाराष्ट्रातच अधिक तीव्र होते. 'काल' या पदाचा अर्थ आपत्तीच्या संदर्भात केवढा मोठा आहे, हे या दोन उदाहरणांवरून दिसून येते.

आता पात्राचा प्रश्न. जिनिव्हाच्या परंपरेने त्याचे उत्तर सरळ दिले: जो पीडित तो पात्र. त्याचा पक्ष, धर्म, देश पाहावयाचा नाही. पाचव्या अध्यायातील समदर्शी पंडिताच्या वर्णनाशी परिचित असलेल्या वाचकाला हे उत्तर पटते. त्याला जोडून दुसरे तत्त्व आले, तटस्थतेचे. सेवा करणाऱ्याने भांडणात कोणाची बाजू घ्यावयाची नाही. कारण बाजू घेतली की दुसऱ्या बाजूच्या जखमींपर्यंत जाण्याची वाट बंद होते. हे तत्त्व शहाणपणाचे आहे, आणि आजही कितीतरी तुरुंगांचे दरवाजे त्याच्यामुळेच उघडतात. पण त्याची एक किंमत आहे. १४ ऑक्टोबर १९४२ रोजी रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीची जिनिव्हात बैठक झाली. नाझींच्या राज्यात ज्यू लोकांना गाड्यांत भरून नेले जात आहे, याची माहिती समितीला होती. जाहीर निवेदन काढावे काय, हा प्रश्न पुढे होता. ते न काढण्याचे ठरले. पुढे समितीने स्वतःच या मौनाला आपले अपयश म्हटले.

१९६७ ते १९७० या काळात नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्रात वेढ्यामुळे उपासमार माजली. हाडांचा सापळा झालेल्या मुलांची चित्रे जगभर गेली. तेथे रेडक्रॉसच्या वतीने काम केलेल्या काही तरुण फ्रेंच वैद्यांना मौनाचा नियम सहन झाला नाही; डोळ्यांनी पाहिले ते बोलण्यास आपण बांधलेलो आहोत, अशी त्यांची भूमिका झाली. त्यांतील काहींनी इतरांबरोबर डिसेंबर १९७१ मध्ये 'सीमारहित वैद्य' या अर्थाच्या नावाची संस्था स्थापन केली. साक्ष देणे हाही सेवेचाच भाग, असे तिने मानले.

बाराव्या अध्यायात भक्ताला 'उदासीन' म्हटले आहे. मराठीत हा शब्द आता खिन्न किंवा बेपर्वा या अर्थाने रूढ झाला आहे आणि त्यामुळे मूळ श्लोकाचा नेहमी विपर्यास होतो. उदासीन म्हणजे उंच जागी बसलेला, दोन्ही पक्षांच्या वरून पाहणारा. जो वर बसला आहे त्याला अधिक दिसते, म्हणून त्याची जबाबदारीही अधिक असते. मौनाने जखमींपर्यंत वाट मिळत असेल तर मौन. मौनाने मारेकऱ्याला आडोसा मिळत असेल तर वाणी. यांतील निवड करणारा नियम कोणत्याही संस्थेला लिहून ठेवता आलेला नाही.

सर्वांत कठीण प्रसंग १९९४ मध्ये आला. रवांडा देशात एप्रिलपासून जुलैपर्यंत तुत्सी जमातीच्या लाखो लोकांची कत्तल झाली. कत्तल करणाऱ्यांचे सरकार पडले, तेव्हा ते सैनिक, अंमलदार व टोळ्या आपल्याबरोबर प्रचंड लोकसमुदाय घेऊन सीमेपलीकडे झाईरमधील गोमा येथे आल्या. जुलैच्या मध्यास अवघ्या काही दिवसांत आठ लाखांहून अधिक माणसे ज्वालामुखीच्या खडकावर येऊन बसली. तेथे विहीर खणता येत नव्हती आणि प्रेते पुरता येत नव्हती. पटकीची साथ उठली. काही आठवड्यांत सुमारे पन्नास हजार माणसे मेली. जगभरातून मदत धावली. पाणी आले, औषधे आली, धान्य आले, आणि साथ आटोक्यात आली. मग मदत करणाऱ्यांच्या ध्यानात आले की छावण्या त्याच मारेकऱ्यांच्या हाती आहेत. धान्याच्या याद्या तेच करतात, माणसे फुगवून सांगतात, वरचे धान्य विकून शस्त्रे घेतात, आणि परत जाऊ इच्छिणाऱ्याला जिवे मारतात. काही संस्था त्या वर्षाच्या अखेरीस निघून गेल्या. काही राहिल्या. राहिलेल्यांचे म्हणणे असे की छावणीतील चार वर्षांच्या मुलाने कोणाला मारलेले नाही आणि त्याला उद्या दूध लागणार आहे. गेलेल्यांचे म्हणणे असे की त्या दुधाच्या गाडीवरच मारेकऱ्यांचे राज्य उभे आहे. दोघेही खरे बोलत होते.

पात्राचा विचार नको, पीडा हीच पात्रता, असे म्हणून जो प्रश्न सुटल्यासारखा वाटला होता, तो येथे दुसऱ्या दाराने परत आला. माणूस पात्र आहे. पण त्याच्यापर्यंत जाणारा हात कोणाचा? या प्रसंगानंतर आपद्‌ग्रस्तसेवेच्या जगात एक नवा प्रश्न रूढ झाला: ही मदत कोणाचे बळ वाढविते? धान्य देण्याआधी तो विचारावा लागतो, आणि तो विचारणे निर्दयपणाचे नाही, हे मान्य होण्यास गोमा घडावे लागले. धान्याची यादी पुरुषांच्या मुखंडाकडे न देता घरातील स्त्रीच्या हाती कार्ड द्यावे, अशा लहान वाटणाऱ्या सुधारणांना त्यानंतर अधिक महत्त्व आले.

देश आणि काल यांबाबतीत याहून आनंदाची हकीकत ओरिसातील आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी तेथील किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. नंतर देशभरातून ट्रक भरभरून मदत गेली. पण मेलेल्यांच्या उपयोगी ती पडणारी नव्हती. त्या वर्षाच्या अखेरीस राज्याने आपत्तीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. किनाऱ्यावर उंच खांबांवरची निवारागृहे बांधली गेली, गावोगाव तरुणांना शिकविले गेले, इशारा पोहोचविण्याची साखळी बांधली गेली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन वादळ आले तेव्हा दहा लाखांच्या घरात माणसे आधीच हलविली होती. मृत्यूंची संख्या काही डझनांवर राहिली. ३ मे २०१९ च्या फानी वादळातही दहा लाखांहून अधिक लोक हलविले गेले आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. योग्य काळी दिलेले दान म्हणजे आपत्तीच्या आधी दिलेले दान, असा अर्थ येथे निघाला. अशा दानाची एक अडचण आहे. न मेलेल्या माणसाचे छायाचित्र निघत नाही. त्याच्यासाठी वर्गणी गोळा होत नाही. वादळानंतर खिसा उघडणारा गृहस्थ वादळापूर्वीच्या निवारागृहाला क्वचितच देणगी देतो.

तामस दानाचे लक्षण सांगताना सत्कारशून्यता व अवज्ञा हे दोन दोष गीतेने वेगळे काढून दाखविले आहेत. दिलेली वस्तू चांगली असली तरी देण्याची रीत तिला नासविते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. फाटके, मळके, त्या लोकांच्या वापरात नसलेले कपडे. ज्यांची घरे वाहून गेली होती ते कोळी भिकारी नव्हते. त्यांनी ते कपडे अंगाला लावले नाहीत. देणाऱ्यांच्या कपाटात जागा झाली, एवढेच त्यातून निष्पन्न झाले. दहा वर्षे आधी, १९९४ मध्येच, रेडक्रॉस व इतर संस्थांनी मिळून जी आचारसंहिता केली होती तिच्यात आपद्‌ग्रस्ताला केविलवाणी वस्तू म्हणून जगापुढे मांडू नये, असे एक कलम आहे. हल्ली वस्तूंऐवजी रोख रक्कम देण्याकडे कल वाढला आहे, त्याचेही एक कारण हेच: कोणती वस्तू हवी हे घेणाऱ्याने ठरवावे. जेथे बाजार चालू आहे तेथे ही रीत पुष्कळदा स्वस्त पडते आणि स्थानिक दुकानदारही जगतो. जेथे बाजारच बुडाला आहे तेथे अर्थात धान्यच न्यावे लागते. गृहस्थाने कपडे मुळीच देऊ नयेत असा याचा अर्थ नाही. स्वतःच्या पाहुण्याच्या अंगावर घालता येईल असे वस्त्र असेल, आणि तेथून ते मागितले गेले असेल, तर जरूर द्यावे.

राष्ट्रांच्या दानात तर परतफेडीची अपेक्षा नेहमीच मिसळलेली असते. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने आपद्‌ग्रस्तसेवेची जी जागतिक व्यवस्था ठरविली, ती मोजक्या श्रीमंत देशांच्या देणग्यांवर उभी राहिली. राज्यकर्ते बदलले, हिशेब बदलले, की ते पाणी आटते. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली विदेशसहाय्य संस्था मोडीत काढली, तेव्हा आफ्रिकेतील व आशियातील अनेक दवाखाने व अन्नकेंद्रे अल्पावधीत बंद पडली. २०१६ मध्ये इस्तंबूल येथील परिषदेच्या वेळी मोठ्या देणगीदारांनी मदतीचा एक चतुर्थांश भाग शक्य तितक्या थेटपणे स्थानिक लोकांच्या हाती देण्याचे कबूल केले होते. २०२० ची मुदत उलटली तरी ते त्याच्या जवळपासही पोहोचले नाहीत. दूरच्या दात्याला वाटते की स्थानिक माणूस फक्त घेणारा आहे.

पात्र या शब्दाची एक पारंपरिक व्युत्पत्ती पंडित सांगतात: पतनापासून तारतो तो पात्र. व्याकरणदृष्ट्या ती कितपत टिकेल हा भाग निराळा. पण तिच्याप्रमाणे देणारा तारक नसून घेणारा तारक ठरतो. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. बंगालच्या सीमेवर बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे द्रव संपत आले होते आणि ते देणारे हातही पुरत नव्हते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरून ठेवले, आणि रोग्याच्या आईला, भावाला, शेजाऱ्याला ते पाजावयास सांगितले. शिक्षण नाही, परिचारिकेचा पोशाख नाही, तरी मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते ते शेकडा चारच्या खाली आले. ज्यांना रुग्णांचे नातलग म्हणून बाजूला बसविले गेले असते, त्यांनीच रुग्ण वाचविले.

केरळच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना ३० नोव्हेंबर २०१७ च्या सुमारास ओखी वादळाने गाठले. समुद्रात गेलेले कित्येक परत आले नाहीत. त्या वेळी हे लोक मदतीच्या यादीत होते. नऊ महिन्यांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, केरळच्या आतल्या भागात पूर आला. चेंगन्नूर, आलुवा येथील घरांच्या वरच्या मजल्यांवर माणसे अडकली. किनाऱ्यावरच्या या मच्छीमारांनी आपल्या नावा ट्रकांवर चढविल्या, आणि जेथे समुद्र कधी गेला नव्हता तेथे त्या पाण्यात उतरविल्या. शासनाच्या हिशेबाप्रमाणे त्यांनी सुमारे पासष्ट हजार माणसे बाहेर काढली. मलप्पुरम जिल्ह्यात एक जण गुडघे टेकून पाण्यात ओणवा झाला आणि बायकांनी त्याच्या पाठीवर पाय देऊन नाव गाठली. पूर ओसरल्यावर शासनाने प्रत्येकाला दिवसाचे तीन हजार रुपये जाहीर केले. कोचीच्या मच्छीमारांतून निरोप आला की मोडलेल्या नावा दुरुस्त करून द्याव्यात. माणसे वाचविल्याचे पैसे नकोत.